शेवटी धावणाऱ्यासाठी कोण थांबतं?

सुरतेत रविवारी पहाटे सहाच्या आत डुमस रोडवर जाऊन उभे राहा. पार्ले पॉइंटकडून पिपलोदच्या दिशेने माणसं येताना दिसतील. कुणी एकटं, कुणी जोडीनं, मध्येच एकाच रंगाच्या टी-शर्टातला पंधरा-वीस जणांचा घोळका. रस्त्याकडेला एखाद्या गाडीची डिकी उघडी असते, तिच्यात पाण्याचा जार, केळ्यांची फणी, लिंबं आणि मिठाची डबी. खाण्यापिण्यासाठी नावाजलेल्या या शहरात इतकी माणसं पहाटे घाम गाळतात, हे बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही.

तरीही उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागातल्या मराठी घरांत या विषयावर बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आपल्याला घेतील का?’ घेतात. रनिंग क्लबला प्रवेश परीक्षा नसते, आणि पोट सुटलेला नवा माणूस आला म्हणून कुणी भुवया उंचावत नाही. त्यांच्यातले निम्मे तसेच आलेले असतात. निवड तुम्हाला करायची असते, आणि ती करताना माणसं टी-शर्ट, फोटो आणि मेडलं बघतात. मी एकच गोष्ट बघायला सांगेन. सगळ्यांत मागे पडलेल्या माणसाचं हा गट काय करतो? त्याच्यासोबत कुणी येतं का, तो पोचेपर्यंत बाकीचे थांबतात का, की तो हाशहुश करत येतो तेव्हा जागेवर केळ्याची सालं तेवढी उरलेली असतात? पहिले दोन महिने तो मागचा माणूस तुम्हीच असणार आहात.

आता शोधायचं कुठे?

सगळ्यांत भरवशाचा मार्ग पायी जाण्याचा. डुमस रोडचा गौरव पथ, अठवालाइन्सची चौपाटी, उधना-मगदल्ला रस्त्यावरचा वीर नर्मद विद्यापीठाचा परिसर, इच्छानाथची एसव्हीएनआयटी, अडाजण-पालकडचे नदीकाठचे रस्ते, यांपैकी जे जवळ पडेल तिथे दोन रविवार सहा ते आठ चालायला जा. तेच चेहरे दोन्ही वेळा दिसले, तर तो गट चालू आहे असं समजा. ते धावत असताना थांबवू नका. संपवून पाय ताणत असतील तेव्हा जवळ जा आणि सरळ विचारा, ‘तमे लोको दर रविवारे अहीं दोडो छो? नवा माणसने आववा दो छो?’ गुजराती मोडकंतोडकं असलं तरी चालतं. समोरचा बहुतेक वेळा हिंदीत उत्तर देतो, आणि तिसऱ्या वाक्याला कुणीतरी ‘अहो, जळगावचे का?’ म्हणून मराठीत सुरू होतं. हे शहरच असं आहे. महापालिका इथे गुजराती-हिंदीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. तेव्हा भाषेचं दडपण घरीच ठेवून या.

दुसरा मार्ग मोबाइलचा. स्ट्राव्हावर सुरतेचं नाव टाकून क्लब शोधता येतात. तिथे सदस्यसंख्येवर भाळू नका. हजारभर नावं असलेल्या क्लबात प्रत्यक्ष एकत्र धावणारे दहाही नसतात असं होतं. गेल्या चार रविवारच्या नोंदी उघडा. सुरुवातीची जागा आणि वेळ एकच असेल, आणि निदान पाच-सात जण दर वेळी तेच असतील, तर तिथे माणसं खरंच भेटतात. इन्स्टाग्रामवर शेवटची पोस्ट कधीची आहे ते आधी बघा. गेल्या दोन-तीन वर्षांत जगभर रन क्लबांची लाट आली आहे; तीन किलोमीटर धावायचं, मग कॉफी, संगीत, ओळखीपाळखी. त्याला नाकं मुरडायचं कारण नाही. लोकांनी गप्पांसाठी धावणं हे काही आजचं नाही. १९३८ साली क्वालालंपूरमध्ये सुरू झालेल्या हॅश हाउस हॅरियर्सचा तर तोच बाणा होता, पळायचं आणि मग बसायचं. फक्त तुम्हाला वजन किंवा शुगर आटोक्यात आणायची असेल, तर महिन्यातून एकदा जमणारा गट पुरा पडणार नाही.

तिसरा मार्ग स्पर्धांचा. सुरतेत मोठ्या दौडी होत आल्या आहेत. २५ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री झालेल्या ‘रन फॉर न्यू इंडिया’ मॅरेथॉनला तर पंतप्रधान नरेंद्र मोदींनी झेंडा दाखवला होता. अशा दिवशी रस्ता माणसांनी फुलतो, सोमवारी ती माणसं कुठे जातात हा खरा प्रश्न. म्हणून बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला जाल तेव्हा रांगेत पुढच्या-मागच्याला विचारा, ‘सराव कुठे करता?’ आणि स्पर्धेच्या दिवशी तुमचं संपलं की लगेच घरी पळू नका. अर्धा तास फिनिश लाइनपाशी थांबा. सगळ्यांत उशिरा येणाऱ्या, घामानं निथळलेल्या माणसासाठी कुठल्या टी-शर्टवाले टाळ्या वाजवत उभे आहेत ते बघून ठेवा. क्लबची एवढी खरी जाहिरात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

एक गट मात्र कुठल्याही ॲपवर सापडणार नाही आणि मराठी वस्तीत तोच सगळ्यांत जवळचा असतो: पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. मोकळ्या मैदानांवर आणि नव्या रिकाम्या रस्त्यांवर ती पहाटे पळताना दिसतात. गुजरात पोलीस कॉन्स्टेबलच्या भरतीत मुलांना ५ किलोमीटर २५ मिनिटांत आणि मुलींना १६०० मीटर साडेनऊ मिनिटांत पूर्ण करावे लागतात. म्हणजे मुलांसाठी किलोमीटरला सलग पाच मिनिटांचा पेस झाला. ही पोरं शिस्तीची असतात, दांडी मारत नाहीत, काका-मावशींना अदबीनं वागवतात. तुमच्या घरात अठरा-वीस वर्षांचा मुलगा असेल तर त्याला तिथे पाठवा. तुम्ही स्वतः पंचेचाळिशीत पहिल्यांदा बूट बांधत असाल तर त्यांच्यासोबत वॉर्मअप करा, नमस्कार करा आणि आपल्या चालीनं सुटा. त्यांच्या मागे लागाल तर आठवड्यात पोटरी धरून बसाल.

निवडताना दुसरा निकष अंतराचा, आणि सुरतेत तो कळीचा आहे. धावायला सोयीचे म्हणून नाव झालेले रस्ते शहराच्या पश्चिमेला, वेसू-पिपलोद-अडाजणकडे. मराठी वस्ती मुख्यतः दक्षिण-पूर्वेला, रेल्वेच्या पलीकडे. डिंडोलीहून डुमस रोड गाठायचा म्हणजे दहाएक किलोमीटरची गाडी, ती पण मेट्रोच्या खोदकामातून वाट काढत. पहाटे पाचला सिटीलिंकची बस मिळेलच असं धरून चालू नका. उत्साहात दोन रविवार जमतं. तिसऱ्याला पाऊस, चौथ्याला पाहुणे, आणि मग बूट माळ्यावर. माझा हिशेब साधा आहे: जाण्या-येण्यात धावण्यापेक्षा जास्त वेळ जात असेल तर तो क्लब कितीही नामांकित असो, रोजच्यासाठी तुमचा नाही. महिन्यातून एकदा लाँग रनला त्यांच्याकडे जा. एरवी उधना-पांडेसरावाल्यांना विद्यापीठाचा परिसर त्यातल्या त्यात जवळ आहे (फाटकावर वेळ आणि नियम विचारून घ्या), आणि डिंडोलीकरांना छठ सरोवराचा.

गट ठरला की पहिल्या दिवशी कसं जायचं ते सांगतो. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. सुरतेचे लोक दुकान उघडायला अकरा वाजवतील, पण पाच चाळीसची रन पाच चाळीसलाच सुटते. पोटात अर्धं केळं किंवा दोन खजूर पुरे. बूट धावायचेच हवेत, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले. कपडे सुती नकोत, घामानं जड होऊन काचतात. संयोजकाला खरं ते सांगा: ‘मी सलग दोन किलोमीटरच पळू शकतो, मग चालतो.’ आणि बीपी, शुगर, दमा, जुनं हृदयाचं दुखणं असेल तर तेही. चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा घरात हृदयरोगाचा इतिहास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावं, गरज वाटली तर ते ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट सांगतील. छातीत दडपण, चक्कर, डाव्या हातात कळ असं काही वाटलं तर जागच्या जागी थांबायचं आणि सोबतच्याला सांगायचं, लाजायचं नाही.

चालण्याची तर मुळीच लाज नको. अमेरिकेचा ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे याने १९७० च्या दशकापासून धावा-चाला पद्धत शिकवली आणि तिच्यावर हजारोंनी मॅरेथॉन पूर्ण केल्या. दोन मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, दम बसेल तसं धावणं वाढवायचं. १९९६ साली जॉश क्लार्कने नवशिक्यांसाठी आखलेला ‘काउच टू ५के’ कार्यक्रमही याच धर्तीचा: आठवड्याला तीन दिवस, नऊ आठवडे, आणि शेवटी सलग पाच किलोमीटर. चांगल्या गटाला हे सगळं ठाऊक असतं. वेग बरोबर आहे की नाही हे घड्याळाला विचारू नका. शेजारच्याशी एक पुरं वाक्य बोलता येत असेल तर बरोबर. बोलताना धाप लागते? मग हळू व्हा.

धावता धावता डोळे उघडे ठेवा. वॉर्मअप होतो की थेट पळत सुटतात? सगळ्यांत मागे कुणी अनुभवी माणूस नेमलेला असतो, त्याला स्वीपर म्हणतात. तो आहे का? मार्ग आधी सांगतात का? जानेवारीत सुरतेला उजाडायला सव्वासात होतात, म्हणजे साडेपाचची रन काळोखातच असते. तेव्हा चमकणाऱ्या पट्ट्या, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं धावणं, कानात इअरफोन नसणं, याबद्दल गट आग्रही असेल तर तिथे टिकायला हरकत नाही. रस्ताभर चारचार जण आडवे पसरून पळणारे आणि हॉर्न वाजवणाऱ्याशी हुज्जत घालणारे गटही बघायला मिळतात. त्यांच्यापासून दूर राहिलेलं बरं. सुरत सपाट, चढ असा नाहीच, म्हणून शंभरावर पूल असलेल्या या शहरात चढाचा सराव पुलांवर होतो. पदपथ असलेला पूलच निवडतात ना, हे बघा.

पैशांचं आधी विचारायचं. बरेच गट फुकट असतात, पाणी-केळ्यांची वर्गणी निघते तेवढीच. प्रशिक्षक असलेले गट महिन्याची फी घेतात, त्यातही गैर काही नाही. पण कशाची घेतात ते स्पष्ट असावं. वेळापत्रक मिळणार का, प्रशिक्षक स्वतः मैदानावर असतो की व्हॉट्सॲपवर, मध्येच सोडलं तर काय. वर्षभराचे पैसे पहिल्याच दिवशी मागणाऱ्याला ‘महिनाभर येऊन बघतो’ म्हणा. पहिल्याच महिन्यात कुणी तुम्हाला हाफ मॅरेथॉनचं नाव नोंदवायला लावत असेल, किंवा ओळख होते न होते तोच प्रोटीनचे डबे खपवू लागला, तर तिथे धावण्यापेक्षा धंदा जास्त चालतो असं समजा.

व्हॉट्सॲप ग्रुपात सामील होण्याआधी लक्षात घ्या की तुमचा नंबर सगळ्यांना दिसणार. बायकांनी हे विशेष बघावं. काळोखात निघायचं असतं, त्यामुळे आधीपासून निदान दोन-तीन बायका नियमित येणाऱ्या आहेत का, परतताना कुणी सोबत असतं का, फोटो टाकण्यापूर्वी विचारतात का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यायला संकोच नको. पहिल्या रविवारी वहिनी, नणंद, शेजारीण, कुणालाही बरोबर न्या. दोघी मिळून गेलात की नवखेपण निम्मं होतं आणि घरून निघणंही सोपं जातं. सलवार-कमीझवर धावणाऱ्या कितीतरी आहेत, ओढणी तेवढी घट्ट बांधा.

खात्यात पाळी करणाऱ्यांचं गणित निराळं. लूम्सवर बारा तास उभं राहून रात्रपाळी संपली की सकाळी सात-आठला थेट धावायला जाणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. पाय आधीच सुजलेले असतात, झोप झालेली नसते. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप झाल्यावर, कामावर जाण्याआधी संध्याकाळी वीस मिनिटं पुरेत. दिवसपाळी आली की सुट्टीच्या दिवशी गटासोबत. संयोजकाला पाळी बदलते हे सांगून ठेवा, म्हणजे दर आठवड्याला ‘कुठे होतात?’ होत नाही. यावर नाक मुरडणारा गट तुमच्या कामाचा नाही.

ऋतूंचंही थोडं. मार्च ते जून इथली हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. या दिवसांत सहाच्या आत सुरू करून सातला आटोपतं घ्यायचं, वेग कमी ठेवायचा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवायचं. जुलै-ऑगस्टमध्ये साचलेल्या पाण्यातून पळायचं टाळा. सुरत, नवसारी, वलसाड हा पट्टा लेप्टोस्पायरोसिससाठी ओळखला जातो. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे तो शरीरात शिरतो. भातशेतीत राबणाऱ्यांना धोका जास्त, पण टाचेला फोड फुटलेला धावणाराही त्याच पाण्यात पाय घालत असतो. पावसात धावल्यावर ताप आला, अंग ठणकलं, तर डॉक्टरांना ‘पाण्यातून गेलो होतो’ हे सांगायला विसरू नका. हिवाळा सगळ्यांत सुखाचा, फक्त थंड सकाळी कारखान्यांचा धूर जमिनीलगत साचून राहतो. सचिन-पांडेसराकडे राहणाऱ्यांनी धुरकट दिवशी ऊन वर येईपर्यंत थांबावं. उत्तरायणाच्या आठवड्यात मांजा आडवा आलेला दिसत नाही. पुलावर नकोच, बागेत धावा. आणि डुमसच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं तर भरती-ओहोटीची वेळ विचारा. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी पाणी फार लांब जातं आणि तेवढंच आत येतं.

रन संपल्यावरचा नाश्ता हा सुरती गटांचा वेगळाच अध्याय. लोचो, खमण, हिवाळ्यात नीरा आणि पोंक. पाच किलोमीटर धावून जेवढ्या कॅलरी जळतात, तेवढ्या बटर मारलेल्या लोच्याच्या दुसऱ्या प्लेटीत परत येतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि दुसरी प्लेट तरीही येते. मला यात वावगं दिसत नाही. पहाटे साडेचारला गजर बंद करून पुन्हा झोपणाऱ्याला उठवायचं काम शिस्तीपेक्षा हा नाश्ताच जास्त करतो. नवा माणूस त्या टेबलावर बसला की गटाचा होतो. तेव्हा पहिल्या दिवशी ‘घाई आहे’ म्हणून सटकू नका.

आणि जवळपास काहीच सापडलं नाही तर? स्वतः सुरू करा. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइटने पहिली धाव ठेवली तेव्हा १३ जण धावले होते. त्यातून पार्करन उभं राहिलं आणि जगभर पसरलं. वेळ, जागा आणि अंतर बदलायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत, चालणाऱ्यालाही धावणाऱ्याइतकाच मान, ही त्याची घडण. ती डिंडोलीत उचलायला काय हरकत आहे? तिघं पुरेत: तुम्ही, एक शेजारी, एक खात्यातला मित्र. लांब रस्त्यापेक्षा तलावाभोवतीच्या किंवा सोसायटीतल्या फेऱ्या निवडा. फेऱ्यांमध्ये कुणी मागे राहतच नाही, सगळे एकमेकांना दिसत राहतात, पाण्याची बाटली एका जागी ठेवता येते आणि भटकी कुत्री दोन दिवसांत ओळखीची होतात. दर रविवारी तीच वेळ, तीच जागा. कुणी आलं नाही तरी एकानं यायचं. नाव, लोगो, टी-शर्ट हे सगळं सहा महिन्यांनी. पंचवीस-तीस जण जमू लागले की बागेच्या कर्मचाऱ्यांना आणि जवळच्या पोलीस चौकीला कल्पना देऊन ठेवा, म्हणजे पुढे अडचण येत नाही.

दिवाळीला सुरत रिकामी होते, हिरेवाले सौराष्ट्रात आणि आपण खान्देशात. कुठल्याही गटाची खरी गळती तेव्हाच होते. पंधरा दिवसांची सुट्टी बघता बघता महिन्याची होते. म्हणून बूट पिशवीत टाका. जळगावात जळगाव रनर्स ग्रुप आहे, हिवाळ्यात ‘खान्देश रन’ भरवतो. गावी असताना त्यांच्यासोबत एखादी सकाळ धावून या. स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर उधना-जळगाव गाडीचं तिकीट काढताना नोंदणीची शेवटची तारीखही बघून घ्या, कारण बहुतेक स्पर्धांची नोंदणी दिवसाच्या कितीतरी आधी बंद होते.